उभ्याने सांगायची गोष्ट

पुराणिक बसून सांगतो आणि कीर्तनकार उभा राहून. देवळाच्या सभामंडपात लहानपण गेलेल्या मराठी माणसाला हा फरक कुणी शिकवावा लागत नाही. पुराणिकाच्या पुढ्यात पोथी असते, खाली आसन असते आणि पोथीत जे आहे ते उलगडून सांगणे एवढे त्याचे काम असते. कीर्तनकाराचे पाय मोकळे असतात. तो दोन पावले पुढे येतो, भीम होतो. दोन पावले मागे जातो, कीचक होतो. मध्येच उशिरा आलेल्या गृहस्थांना हाताने जागा दाखवतो आणि त्यांच्या उशिरा येण्यावरून पहिल्या चार रांगा हसवून घेतो. इंग्रजीने विनोदाच्या एका प्रकाराला नावच या उभे राहण्यावरून दिले: स्टँड-अप. आपल्याकडे हा शब्द रुळून फार दिवस झालेले नाहीत. २०१० साली मुंबईत लोअर परळला 'कॉमेडी स्टोअर' सुरू झाले, त्यानंतरच्या दशकात मराठीतही तरुण मंडळी माइक घेऊन उभी राहू लागली, आणि हा प्रकार परदेशातून आला अशी आपली समजूत झाली. परदेशातून आले ते नाव, माइकचा तो बारीक दांडा आणि समोर किणकिणणारे ग्लास. एकट्याने उभे राहून चारचौघांना हसवण्याची रीत आपल्याकडे पूर्वीपासून होती.

पण 'हे आमच्याकडे आधीच होते' एवढेच म्हणायचे तर त्यासाठी लेख कशाला लिहावा? तसे म्हणून झाल्यावर माणूस समाधानाने झोपी जातो, आणि इतिहासाचे सगळे प्रश्न तर त्याच्या पुढचेच असतात. मला पडलेला प्रश्न असा: उभे राहण्याची मुभा कुणाकुणाला होती? बाकीचे कुठे होते? गेली काही वर्षे मी तमिळमधून मराठीत अनुवाद करते आणि चेन्नईजवळ कोवलमला राहते. या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला महाराष्ट्रातून तंजावरला जावे लागले आणि तिथून परत माझ्याच गावच्या एका बारमध्ये यावे लागले. वाट थोडी लांबची आहे, पण ती बऱ्याच अंशी मराठी माणसांनीच पाडलेली आहे.

आधी गावाविषयी. कोवलम म्हटले की लोकांना केरळातले आठवते. हे ते नव्हे. हे चेन्नईच्या दक्षिणेला, महाबलिपुरमच्या वाटेवर, शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. कोळ्यांची वस्ती, एक जुने चर्च, एक दर्गा आणि अलीकडे लाटांवर फळीवरून घसरायला येणारे शहरी लोक. अठराव्या शतकात इथे युरोपातल्या ऑस्टेंड कंपनीची वखार होती. पुढे अर्काटचा नवाब अन्वरुद्दीन याने किल्ला बांधून बंदराला सादतबंदर असे नाव दिले. १७५० साली फ्रेंचांनी हा किल्ला घेतला तो लढून नव्हे. किनाऱ्याला लागलेल्या जहाजावर माणसे रोगाने मरायला टेकली आहेत असे सांगून त्यांनी आपले तीसेक 'रोगी' किल्ल्यात दाखल करून घेतले, आणि रात्री ते रोगी हत्यारे काढून उठले. नोंदलेल्या इतिहासात कोवलमला झालेला हा पहिला नाट्यप्रयोग म्हणायला हरकत नाही, आणि त्यातही सगळा परिणाम योग्य वेळी उठून उभे राहण्यावर अवलंबून होता. दोन वर्षांनी क्लाइव्हने किल्ला घेतला आणि तो पाडून टाकला. त्या जागेवर आता हॉटेल आहे.

तंजावर इथून दक्षिणेला दिवसभराच्या वाटेवर आहे. १६७६च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी तिथे भोसल्यांचे राज्य उभे केले आणि ते १८५५पर्यंत टिकले. राजे मराठी, दरबारची साहित्यभाषा तेलुगू, प्रजा तमिळ, शास्त्रे संस्कृतात. व्यंकोजींचा मुलगा शहाजी याने १६८४ ते १७१२ राज्य केले आणि नाटकांमागून नाटके लिहिली. त्याच्या 'पंचभाषाविलास' या नाटकात तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा पाच भाषा बोलल्या जातात. भाषांतरकाराला हेवा वाटावा अशी ही सोय: कुणीच कुणाचे भाषांतर करत नाही आणि सगळ्यांना सगळे कळते, असे गृहीत धरलेले.

याच शहाजीचे 'सतीदानशूरमु' नावाचे तेलुगू प्रहसन आहे. मन्नारगुडीच्या देवळाच्या उत्सवात एक विद्वान ब्राह्मण एका अस्पृश्य स्त्रीला पाहतो आणि वेडा होतो. शिष्य त्याला शास्त्र सांगून पाहतो. गुरू ते ऐकत नाही. उलट तिच्या नवऱ्याकडेच जाऊन तिचे दान मागतो, आणि नवरा देऊन टाकतो. शीर्षकातला दानशूर म्हणजे तो नवरा. ब्राह्मणाचे नाव मोरोभट्लु. शेवटचा तेलुगू प्रत्यय काढला की आपला मोरोभट उरतो. म्हणजे मराठी राजाने मराठी वळणाच्या नावाच्या भटजीची टर उडवली, तीही तेलुगूत आणि तमिळ मुलखात. भटजीवर हसण्याचे धाडस कौतुकाचेच, पण ते करणारा सिंहासनावर बसलेला होता. त्याला कोण विचारणार? आणि जिच्यामुळे हे सगळे घडते त्या बाईला आपली बाजू एकटीने उभे राहून सांगायची सोय या नाटकात नव्हती. ती गोष्टीत होती; गोष्ट तिची नव्हती.

संस्कृत नाटकातला विदूषकही मला इथे आठवतो. तो ब्राह्मण, राजाचा मित्र, आणि तरी बोलतो प्राकृत. हसवायचे तर खालच्या भाषेत उतरले पाहिजे हे नाटककारांना कळत होते. उतरण्याची परवानगी मात्र वर असलेल्यालाच होती. मुळात खाली असलेल्याने वर येऊन बोलायचे, हा प्रकार फार नंतरचा.

१८५५मध्ये राजा दुसरा शिवाजी वारला, औरस मुलगा नव्हता, आणि कंपनीने राज्य खालसा केले. दरबारी नाटकांचा आधार गेला. पण मराठी घरे तिथेच राहिली, समर्थ संप्रदायाचे मठ राहिले आणि महाराष्ट्रातून कीर्तनकार येत राहिले. त्यांतले रामचंद्रबुवा मोरगावकर १८६०च्या दशकात ग्वाल्हेरहून तंजावरला आले आणि चातुर्मासात त्यांनी कीर्तने केली. ऐकणाऱ्यांत कृष्ण भागवतर नावाचा विशीतला गवई होता. कथा सांगण्याची तमिळ रीत त्या मुलखात होतीच. पण पूर्वरंगात एखादे पद घेऊन त्याचे निरूपण करायचे, मग उत्तररंगात आख्यान लावायचे, गद्यातून गाण्यात आणि गाण्यातून नकलेत कुठेही सांधा न दिसता जायचे, ही मराठी बांधणी त्याने उचलली. तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी यांच्या मिश्रणातून त्याने जे उभे केले त्याला आज हरिकथा किंवा कथाकालक्षेपम म्हणतात. १९०३ साली तो वारला तोवर त्याची रीत सगळ्या तमिळ मुलखात पसरली होती. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे शब्द आजही तमिळ भागवतरांच्या तोंडी आहेत. निरूपणाला ते निरूपणमच म्हणतात. शब्दांनी प्रवास केला आणि कुणालाही ते परके वाटले नाहीत, असे भाषांतर मला अजून जमलेले नाही.

कीर्तनकार हसवतो कसा, हे थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. संस्कृत श्लोक म्हणताना त्याचा आवाज वर असतो. श्लोक संपतो, तो उपरणे सावरतो आणि अगदी घरच्या बोलीत विचारतो की द्रौपदीला पाच नवरे होते, पण बाजारातून भाजी आणायला एक तरी उठला का? हसू येते ते भाषेची पायरी एकदम खाली गेल्यामुळे. तमिळमध्ये तर लिहायची भाषा आणि बोलायची भाषा यांच्यात इतके अंतर आहे की नुसते एक क्रियापद बोलीतले टाकले तरी सभा हसते. आणि मराठी काय, तमिळ काय, दोन्हीत क्रियापद शेवटी येते. नकारसुद्धा शेवटी येतो. ऐकणारा वाक्याच्या टोकापर्यंत लटकत राहतो आणि शेवटच्या शब्दावर आपटतो. विनोदवीर ज्याला पंच म्हणतात तो आपल्या वाक्यरचनेत आयताच बसलेला आहे.

मात्र कीर्तनकाराच्या हसवण्याला एक ढाल होती. गोष्ट त्याची नव्हे, देवाची किंवा संताची. पाटलाचा लोभ, सावकाराचे व्याज, सासूची जीभ यांवर तो वाटेल ते बोले, कारण शेवटी सगळे नामस्मरणाला जाऊन मिळणार हे पाटलालाही ठाऊक असे. चावा झोंबला तरी पाटील उठून आरतीच्या ताटात पैसे टाकीच. कीर्तनकार स्वतःविषयी 'मी' म्हणून फारसे बोलत नसे. ढालीची किंमत ती होती.

आणि ज्यांच्याविषयी गोष्ट सांगितली जाई ते समोर बसलेले असत, किंवा बाहेर उभे असत. सीता, द्रौपदी, सावित्री यांची आख्याने शतकानुशतके पुरुषांनी लावली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासेत सी. सरस्वती बाई हरिकथा करायला उभ्या राहिल्या तेव्हा पुरुष भागवतरांनी विरोध केला. बाईने गाणे एक वेळ चालेल, पण बाईने उभे राहून शास्त्र सांगायचे, चार पुरुषांच्या नकला करायच्या आणि सभेला हसवायचे, हे पचायला जड होते. त्या हटल्या नाहीत. पुढे देशभर त्यांच्या कथा झाल्या. मराठी कीर्तनाचे वळणही त्यांनी आत्मसात केले होते. त्यांनी द्रौपदी लावली असेल तेव्हा भाजीचा तो विनोद वेगळाच लागला असणार. वाक्य तेच, पण बोलणारी तोंडे बदलली की वाक्य बदलते. हे कुठल्याही अनुवादकाला विचारा.

दुसरे उदाहरण नंदनारचे. नंदनार हा अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मलेला शिवभक्त. चिदंबरमच्या नटराजाचे दर्शन घ्यायची त्याला ओढ. जमीनदार सोडत नाही, देऊळ आत घेत नाही, आणि शेवटी अग्नीतून जाऊन, शुद्ध होऊन तो देवापर्यंत पोचतो. एकोणिसाव्या शतकात गोपालकृष्ण भारतीने त्याचे चरित्र कालक्षेपमसाठी रचले आणि ते घरोघर गाजले. ऐकणारे रडत, पण नंदनारच्या जातीची माणसे त्या सभेत बसत नसत.

मग तमिळ सिनेमातले विनोदी नट एन. एस. कृष्णन यांनी या कथेचे विडंबन केले: 'किंदनार'. १९४९च्या 'नल्लतंबी' या चित्रपटात ते आहे, पटकथा सी. एन. अण्णादुराई यांची. कृष्णन भागवतराचा वेष घेऊन उभे राहतात, साथीदार मागे, सगळा थाट कालक्षेपमचा. पण आख्यान आहे एका दलित मुलाचे, ज्याला शिकायचे आहे. त्याचे चिदंबरम म्हणजे मद्रास, आणि तो अग्नीतून जात नाही, आगगाडीने जातो. शिकतो आणि शाळातपासनीस होऊन गावी परततो. देवाच्या जागी शाळा आणि चमत्काराच्या जागी रेल्वे. लोक पोट धरून हसले, आणि हसता हसता नंदनारला आगीतून का जावे लागले हा प्रश्न त्यांच्या घरी गेला. महाराष्ट्रातून निघालेली बांधणी तंजावरात तमिळ झाली होती. मद्रासेत तिने आपल्याच पोटातल्या सोवळेपणावर बोट ठेवले.

नेमक्या याच काळात इकडे महाराष्ट्रात गाडगे महाराज होते. जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातला, परिटाच्या घरचा. नारदीय कीर्तनाची तालीम नाही, पागोटे नाही. अंगावर चिंध्या, हातात खराटा. आधी गाव झाडायचे, मग संध्याकाळी त्याच गावापुढे उभे राहायचे. त्यांचे कीर्तन म्हणजे बव्हंशी प्रश्न. देवाला आंघोळ कोण घालतो? नैवेद्य दाखवल्यावर काठी घेऊन कुणाला हाकलावे लागते? लोक उत्तर देत, उत्तरावर पुढचा प्रश्न येई, आणि पाचव्या प्रश्नाला लोकांच्या लक्षात येई की आपण आपल्याच तोंडाने आपली फजिती कबूल केली. आजचे विनोदवीर याला क्राउडवर्क म्हणतात आणि त्याच्या कार्यशाळा घेतात. १९५६ साली, मृत्यूच्या थोडेच आधी, मुंबईत वांद्र्याला झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. ते ऐकताना बाबांच्या शब्दांइतकेच समोरच्या गर्दीच्या हुंकाराकडे लक्ष द्यावे. एकट्या माणसाचा प्रयोग एकट्याचा कधीच नसतो.

त्यानंतरचा मराठी इतिहास परिचयाचा आहे. १९६१मध्ये पु. ल. देशपांडे 'बटाट्याची चाळ' घेऊन एकटे रंगमंचावर आले. १९७९पासून लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये बावन्न पात्रे एकट्याने उभी करू लागले. देवाची गोष्ट गेली आणि चाळीची, गावाची गोष्ट आली. तरी ढाल पूर्ण गेली नव्हती. ती आता पात्रांची होती. बोलतो तो चाळीतला रहिवासी, वऱ्हाडातला एखादा म्हातारा. लेखक त्याच्या आडून हसतो. तिकीट काढून, इस्त्रीचे कपडे घालून आलेल्या मराठी प्रेक्षकाला या ढालीची सवय होती आणि तिच्यात गोडीही होती.

ओपन माइकमध्ये ही उरलेली ढालही काढून ठेवावी लागते. रीत साधी आहे. ठरलेल्या संध्याकाळी एका यादीत नाव लिहायचे. प्रत्येकाला चार-पाच मिनिटे. शेवटचे मिनिट उरले की मागून कुणी तरी मोबाइलचा दिवा दाखवतो. मानधन नाही, पात्र नाही, वेष नाही. 'मी' म्हणायचे आणि सुरू करायचे. पडलात तर स्वतःच्या नावाने पडता. चेन्नईत २००३ साली स्थापन झालेल्या 'एवम' या संस्थेने नाटकांतून सुरुवात करून पुढे या प्रकाराला शहरात जागा करून दिली. किनाऱ्याच्या आमच्या रस्त्यावर तो हळूहळू उतरत आला. तमिळनाडूत 'गल्लीतला बार' ही कल्पना मात्र जरा वेगळी आहे. २००३पासून किरकोळ दारूविक्री सरकारी टास्मॅक दुकानांकडे आहे. त्यांच्या शेजारच्या बारमध्येही माणसे उभीच असतात, पण सांगायला किंवा ऐकायला नव्हे. घाईने पिऊन निघायला. त्यामुळे ओपन माइक होतो तो हॉटेलच्या परवान्याच्या बारमध्ये, जिथल्या एका पेल्याच्या किमतीत कोळ्याच्या घरची दोन दिवसांची चूल पेटावी. उभे राहायला कुणी जात विचारत नाही हे खरे. दाराशी बिलाचा उंबरठा आहे, हेही खरे.

अशाच एका बारमध्ये मीही यादीत नाव घातले. चाळिशी ओलांडलेली बाई, तिथल्या सरासरी वयापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. माझी पाच मिनिटे तमिळ, इंग्रजी आणि मराठीची खिचडी होती. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर आहे. त्यामुळे खरे आणि गरे ही दोन आडनावे सारखीच लिहिली जातात, म्हणजे तमिळ मुलखात आल्यावर सत्याचा फणस होतो, हा विनोद मराठी घरात हमखास चालतो. तिथे त्यासाठी आधी खरे म्हणजे काय, मग गरे म्हणजे काय, मग आडनाव म्हणजे काय असे तीन मजले चढावे लागले, आणि वर पोचेपर्यंत सगळे दमले. मग मी सांबाराकडे वळले. तंजावरच्या भोसल्यांच्या मुदपाकखान्यात आमटीत चिंच पडली, पाहुणे संभाजीराजे होते म्हणून त्या पदार्थाला सांबार नाव पडले, ही दंतकथा इकडेही ठाऊक आहे. तिचा हवाला देऊन मी सांबारावर मराठी हक्क सांगितला. आरडाओरडा झाला, आणि मागच्या टेबलावरून एक जण तमिळमध्ये ओरडला, "अप्पो वडै?" म्हणजे, मग वडा कुणाचा? मी म्हटले, वडा तुमचा आणि आमचा, पाव पोर्तुगीजांचा, आणि बिल मात्र ज्याने विचारले त्याचे. बार हसला. तो प्रश्न माझ्या कागदावर नव्हता. तो त्या माणसाने दिला. रामचंद्रबुवांपुढे तंजावरात कुणी तरी असाच काही प्रश्न टाकला असेल, आणि बुवांनी तो उचलून आख्यानात बसवला असेल, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

पण या लेखाचे कारण मी नाही. माझ्यानंतर एक मुलगा उभा राहिला. कोवलमच्या कोळीवाड्यातला, म्हणजे इथल्या भाषेत कुप्पमचा. वडील मासेमार, हा पर्यटकांना लाटांवर उभे राहायला शिकवतो. त्याने सांगितले की शहरातले लोक त्याला विचारतात, समुद्र किती वाजता बंद होतो? मग तो म्हणाला, बाबा समुद्रावर गेले की आई दारात बसून रडायची. आता मी जातो तेव्हा लोक फोटो काढतात. समुद्र तोच, लाट तीच, फरक एवढाच की बाबांच्या होडीवर कुणाची जाहिरात नव्हती. लोक हसले, आणि हसू ओसरताना एक अर्धा क्षण सगळे गप्प होते. तो अर्धा क्षण त्याने धरून ठेवला, घाईने पुढचे वाक्य टाकले नाही. हे त्याला कुणी शिकवले असेल असे वाटत नाही. लाटेची वाट पाहणाऱ्याला येत असेल.

रामकथेत एक नावाडी आहे. रामाच्या पायाच्या धुळीने शिळेची बाई झाली, माझ्या होडीची बाई झाली तर मी खाऊ काय, म्हणून पाय धुतल्याशिवाय होडीत चढू देणार नाही असे तो म्हणतो. कीर्तनकारांचे हे लाडके स्थळ; सभा इथे हसणार याची खात्री असते. भोळा नावाडी, त्याचा भाबडा हिशेब, त्याची बोली. कितीतरी पिढ्या हा नावाडी दुसऱ्याच्या तोंडून बोलत आला. त्याचा हिशेब भाबडा नव्हता, पोटाचा होता, हे सांगायला तो स्वतः कधी उभा राहिला नव्हता. त्या रात्री कोवलमला त्याच्या जातकुळीतला एक मुलगा माइकपाशी उभा होता आणि होडीचा हिशेब स्वतः मांडत होता. सरस्वती बाईंपासून इथपर्यंतचा हा इतिहास मला सलग दिसतो: ज्यांच्याविषयी सांगितले जात होते ते एकेक करून उठले आणि सांगू लागले. उभे राहून हसवण्याची परंपरा जुनी, असे म्हणताना अभिमान वाटायचा असेल तर याचा वाटावा.

आणि काळजीही याचीच वाटते. ढाल नाही म्हणजे वार अंगावर. इंग्रजांनी १८७६ साली नाट्यप्रयोगांवर कायदा आणला. स्वतंत्र मद्रास राज्याने १९५४मध्ये स्वतःचा आणला, तो एम. आर. राधा यांच्या रामायणावरच्या नाटकामुळे. २०१३ साली मद्रास उच्च न्यायालयाने तो रद्द केला. महाराष्ट्रात नाटकाची संहिता अजून परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. ज्याला संहिताच नाही, त्याचे काय करायचे याचे उत्तर आता कायद्याऐवजी जमाव देतो. २०२१च्या १ जानेवारीला मुनव्वर फारुकी यांना इंदूरला कार्यक्रमातून अटक झाली आणि महिन्याहून अधिक काळ ते तुरुंगात राहिले. मार्च २०२५मध्ये कुणाल कामरा यांच्या विनोदानंतर मुंबईत खारचे 'हॅबिटॅट' फोडले गेले. ज्या बारक्या मंचावर यादीत नाव लिहून कुणीही उभा राहू शकत होता, तोच तोडला गेला. पाटलाला कीर्तन झोंबले तरी तो आरतीच्या ताटात पैसे टाकी. आजच्या पाटलाला आपण अशा गोष्टीचा भाग आहोत असे वाटत नाही, जी शेवटी त्याच्याही भल्याला जाऊन मिळेल.

मोरोभटावर हसणाऱ्या शहाजीच्या पाठीशी राज्य होते, कारण राज्य त्याचेच होते. कृष्ण भागवताराच्या पाठीशी देव होता. पु. लं.च्या पाठीशी त्यांच्यावर प्रेम करणारा अख्खा मराठी मध्यमवर्ग होता. कुप्पमच्या त्या मुलाच्या पाठीशी फक्त एक भिंत होती आणि तिच्यावर हॉटेलच्या नावाचा दिवा. त्याच्यापुढे आम्ही पंचवीस-तीस माणसे होतो. कीर्तनात मागे उभे राहून धृपद धरणारे टाळकरी असतात. बुवांचा आवाज बसला तर तेवढा वेळ पद तेच निभावून नेतात. इथे ते काम ऐकणाऱ्यांकडे आले आहे.